अंगठा आधी सुटायला हवा

टेनपिन बॉलिंगमध्ये, म्हणजे तीन भोकांचा जड बॉल लेनवरून (लांब गुळगुळीत पट्टीवरून) घरंगळवून दहा पिना पाडायच्या खेळात, दोन वर्षं माझा बॉल सुटताना अंगठ्यापाशी ‘टक्’ असा आवाज यायचा आणि बॉल लेनवर धप्पकन आदळायचा. मी मनगटाला दोष देत राहिले. खरं कारण होतं अंगठ्याचं सैल भोक. बॉल पडू नये म्हणून आपण नकळत अंगठा वाकवून आवळतो, मग तो वेळेवर सुटतच नाही.

म्हणून आधी माप बघा. अंगठा पूर्ण आत घाला, मधलं बोट आणि अनामिका भोकांवर सपाट टेकवा. बॉलिंग सेंटरमधल्या नेहमीच्या बॉलवर बोटांच्या दुसऱ्या सांध्याची रेघ भोकाच्या जवळच्या कडेपुढे साधारण पाव इंच जायला हवी. अंगठ्याच्या आणि बोटांच्या भोकांमधलं अंतर जास्त असेल तर तळवा ताणला जातो आणि अंगठा अडकतो.

अंगठा आत फिरवून बघा. कातडी हलकीशी घासली पाहिजे, पण ओढल्यावर अंगठा सरळ बाहेर यायला हवा. सैल वाटलं तर अंगठ्याच्या भोकात आतून बॉलिंगची टेप (चिकटपट्टी) लावा, एका वेळी एकच पट्टी. खेळताना अंगठा सुजतो, तेव्हा एक पट्टी काढा. माझ्या पिशवीत त्यासाठी चिमटा असतोच.

अंगठा सुटल्यावरच्या निमिषात बोटं बॉलला फिरकी देतात. फिंगरटिप ग्रिपमध्ये बोटं पहिल्या सांध्यापर्यंतच आत असतात, त्यामुळे फिरकी वाढते. मात्र अशा ग्रिपच्या बॉलची भोकं स्वतःच्या हाताच्या मापानेच ड्रिल करून घ्या.