गावात अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा आला तर: सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांसाठी

दौऱ्याचा निरोप तहसील कार्यालयातून आला की गावात पहिली चर्चा होते ती हारतुऱ्यांची आणि व्यासपीठावर कोणाकोणाच्या खुर्च्या लागणार याची. बंदोबस्त हा पोलिसांचा विषय आहे असे गृहीत धरून आपण तो बाजूला ठेवतो आणि अडचण तिथूनच सुरू होते; कारण नेत्याच्या दोन्ही बाजूंना सफारीत उभे असलेले अंगरक्षक हा त्या व्यवस्थेचा शेवटचा आणि सर्वांत लहान भाग असतो, आणि तिचा बाकीचा डोलारा आपल्याच गावाच्या याद्या, किल्ल्या, विजेच्या तारा, विहिरी आणि शेतांचे धुरे (बांध) यांवर उभा असतो. पश्चिम विदर्भात ग्रामसेवक म्हणून नोकरी करताना माझ्या वाट्याला असे तीन दौरे आले. त्यांतून जे शिकलो ते पुढीलप्रमाणे.

ठाणेदारांना पहिला प्रश्न विचारावा तो पाहुण्यांच्या सुरक्षेच्या श्रेणीचा. एक्स, वाय, वाय प्लस, झेड आणि झेड प्लस या श्रेणी माणसाच्या पदावरून ठरतातच असे नाही. गुप्तवार्ता यंत्रणांनी केलेल्या धोक्याच्या मूल्यांकनावरून त्या दिल्या जातात आणि वेळोवेळी बदलतात. पंतप्रधानांची व्यवस्था याहून वेगळी आहे. त्यांच्याभोवतीचे कडे विशेष संरक्षण गटाचे, म्हणजे एसपीजीचे असते. इंदिरा गांधी यांची ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी त्यांच्याच सुरक्षारक्षकांनी हत्या केल्यानंतर १९८५ मध्ये हा गट उभा राहिला आणि १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या दौऱ्यांचे नियम ‘ब्लू बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तिकेत असतात. गावाच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की एसपीजीचे पथक आले तरी बाहेरच्या कड्यांची जबाबदारी राज्य पोलिसांकडेच राहते, त्यामुळे दिल्लीहून कितीही साहेब आले तरी आपला संपर्क ठाणेदारांशीच ठेवावा आणि एकाच माणसामार्फत ठेवावा.

पंतप्रधानांच्या दौऱ्याआधी एसपीजी, गुप्तवार्ता विभाग, राज्य पोलीस आणि जिल्हा प्रशासन यांची जागेवरच संयुक्त बैठक होते. अधिकारी तिला ‘एएसएल’ (ॲडव्हान्स सिक्युरिटी लायझन) म्हणतात. या बैठकीत जे ठरते त्यात नंतर गावाच्या सोयीसाठी बदल होत नाही, म्हणून आपले म्हणणे त्याच दिवशी मांडावे. मंदिरातील दर्शन, शाळेतील मुलींचे लेझीम, एखाद्या वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाचा सत्कार असे जे काही मनात असेल ते वेळेसह लेखी द्यावे. ‘पाच मिनिटे वळवून घेऊ साहेबांना’ हा आपल्याकडचा जुना उत्साह सुरक्षा अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आणतो, कारण ज्या गल्लीची तपासणी झालेली नाही ती त्यांच्या लेखी अंधारी गल्लीच असते.

त्यानंतर याद्यांचे काम येते. माझ्या मते निम्मा बंदोबस्त याद्यांतच असतो. व्यासपीठावर बसणारे, स्वागत करणारे, हार घालणारे, समई पेटवताना जवळ उभे राहणारे, ध्वनिक्षेपकवाला, बिछायत केंद्राची मुले, आचारी, वाढपी, जनरेटर चालवणारा, फोटोग्राफर या प्रत्येकाचे नाव, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक आणि छायाचित्र चारित्र्य पडताळणीसाठी द्यावे लागते. आचाऱ्याने आदल्या रात्री भाच्याला पाठवले तर तो भाचा गेटवरच बसून राहतो आणि मग कढीला फोडणी कोणी द्यायची हा प्रश्न उरतो. म्हणून प्रत्येक कामासाठी एक राखीव नाव सुरुवातीलाच यादीत घालावे.

हारांबाबत कोणी रुसले तर रुसू द्यावे. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी यांच्यापर्यंत मारेकरी स्त्री पोहोचली ती हार घेऊनच, आणि पाया पडण्याच्या निमित्ताने ती खाली वाकली. आपल्याकडे पाया पडणे हा संस्कार आहे, पण अंगरक्षकाला त्या क्षणी वाकणाऱ्या माणसाचे हात दिसत नाहीत. तो चेहऱ्यांकडे फारसे पाहत नसतो, त्याचे लक्ष हातांवर असते. त्यामुळे स्वागत करणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे की हात खिशात किंवा पदराआड नेऊ नयेत, हस्तांदोलनाचा हात धरून ठेवू नये आणि दूर व्हा म्हटल्यावर वाद न घालता दूर व्हावे. शाल, श्रीफळ, लाकडी बैलबंडीची प्रतिकृती अशा भेटवस्तू सांगितलेल्या वेळेआधी तपासणीसाठी जमा कराव्यात. काडेपेटी गेटवरच काढून घेतात, म्हणून समईसाठी ती कोणाकडे राहील हेही आधीच ठरवून घ्यावे; एका कार्यक्रमात मान्यवर समईभोवती उभे आणि काडी कोणाकडेच नाही, असे मी पाहिले आहे.

हेलिपॅड हा आपल्या भागातील सर्वांत नाजूक विषय आहे. जागा सार्वजनिक बांधकाम विभाग ठरवतो, पण जमिनीचा स्वभाव गावाला ठाऊक असतो आणि तो न संकोचता सांगावा. काळी भारी जमीन वरून दगडासारखी दिसते, पण धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारले की तासाभरात तिचा लोण्यासारखा चिखल होतो; मुरूम नीट दाबलेला नसेल तर चाक रुतते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केरळमध्ये राष्ट्रपतींच्या हेलिकॉप्टरची चाके ताज्या काँक्रीटमध्ये रुतली होती, तेव्हा केवळ वरचा थर पाहून समाधान मानू नये. जवळच्या पऱ्हाटीच्या आणि तुराट्यांच्या गंजी, कुटाराचे ढीग, ताडपत्र्या आणि सैल टिनपत्रे हलवावीत, कारण पंख्याच्या वाऱ्याने हे सर्व मंडपावर येते. शेतातून गेलेल्या विजेच्या तारा, अगदी विहिरीवरच्या मोटारीसाठी बांबूवर ओढलेली तारसुद्धा, नकाशावर नसते, म्हणून ती स्वतः दाखवावी. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळले होते. सुदैवाने सर्वजण वाचले.

व्यासपीठ उभे राहिले की घातपातविरोधी तपासणी होते. बॉम्ब शोधक व नाशक पथक श्वानासह येते, व्यासपीठाच्या खालची जागा, सोफ्यांच्या गाद्या, फुलांच्या कुंड्या आणि ध्वनिक्षेपकाच्या पेट्या तपासते आणि त्यानंतर ती जागा पहाऱ्याखाली जाते. त्या क्षणापासून खिळासुद्धा आत नेऊ नये. माझ्या दुसऱ्या दौऱ्यात सकाळी व्यासपीठाखाली निळ्या पत्र्याची एक कुलूपबंद पेटी निघाली. श्वान तिला हुंगून पुढे गेला, तरी पथकाने ती बंद पेटी मान्य केली नाही आणि ते योग्यच होते. पेटी वायरमनच्या मदतनिसाची होती. तो मुलगा बसस्थानकावर पोहे खात होता आणि किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली होती. तो सापडून पेटी उघडेपर्यंत चाळीस मिनिटे गेली, आत पक्कड, टेस्टर आणि विडीचे बंडल निघाले, आणि तोवर बाहेर दोन हजार माणसे उन्हात उभी होती. तेव्हापासून प्रत्येक पेटी उघडी ठेवून तिच्यावर मालकाचे नाव चिकटवण्याचा नियम मी केला.

व्यासपीठाच्या मागची बाजू आपण झाडे, भांडी आणि कार्यकर्ते यांच्यावर सोडून देतो. ८ जुलै २०२२ रोजी जपानमधील नारा येथे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर हल्लेखोराने मागूनच गोळी झाडली; पहिल्या आणि दुसऱ्या गोळीत जेमतेम अडीच-तीन सेकंदांचे अंतर होते. अंगरक्षकांचे प्रशिक्षण अशाच काही सेकंदांसाठी असते. आवाज झाल्याबरोबर नेत्याला खाली दाबायचे, स्वतःच्या अंगाने झाकायचे आणि गाडीत घालून निघायचे, हल्लेखोराशी लढत बसायचे नाही. म्हणूनच व्यासपीठापासून गाडीपर्यंतची वाट पूर्ण मोकळी असावी लागते. तिथे स्वयंसेवकांच्या दुचाकी, पाण्याचे कॅन किंवा केबलची वेटोळी राहणार नाहीत, हे पाहणे आपले काम आहे.

लोकांना दोन-तीन तास आधी आत घेतले जाते आणि पाण्याची बाटली बाहेर ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना याचा अर्थ काय होतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणून प्रत्येक कप्प्यात तपासलेल्या पाण्याची सोय आणि आरोग्य पथक यांचा आग्रह बैठकीतच धरावा. अडकित्ता, विळा, लायटर घरी ठेवून यावे अशी दवंडी द्यावी. खर्ऱ्याची पन्नीही गेटवर काढून घेतात आणि आमच्याकडचा माणूस एकवेळ भाषण सोडेल पण खर्रा सोडणार नाही, त्यामुळे गेटजवळ बसकण मारणाऱ्यांची एक वेगळी गर्दी होते. तिच्यासाठी दोन स्वयंसेवक नेमावेत.

कुटुंबीय येतात तेव्हा पद्धत निराळी असते. एसपीजीच्या कायद्यात निकटचे कुटुंबीय म्हणजे पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण पदावरील पंतप्रधानांना आणि अधिकृत निवासस्थानी त्यांच्यासोबत राहणाऱ्या निकटच्या कुटुंबीयांना मिळते. माजी पंतप्रधानांना आणि त्यांना दिलेल्या निवासस्थानी सोबत राहणाऱ्या निकटच्या कुटुंबीयांना ते पद सोडल्यापासून पाच वर्षे असते. इतर नेत्यांच्या घरच्यांना संरक्षण धोका पाहून दिले जाते. एखाद्या मंत्र्यांच्या पत्नी देवदर्शनाला किंवा नात्यातल्या लग्नाला आल्या तर मंडप नसतो आणि सायरनही नसतो. साध्या वेशातील दोन-तीन पोलीस असतात आणि त्यांची सारी भिस्त येण्याची वेळ कोणाला ठाऊक नसण्यावर असते. अशा वेळी गावाने करायची मदत म्हणजे गप्प राहणे. ‘वहिनीसाहेब गावात आल्या’ असा फोटो व्हॉट्सॲपच्या गटात टाकणाऱ्याला पोलीस पाटलांनी वेळीच समजावावे आणि मुलांचे फोटो तर काढूच देऊ नयेत.

ताफा निघून गेला म्हणजे बंदोबस्त संपला असे नाही. बिनतारी संदेशावरून सूचना मिळेपर्यंत बांबूचे कठडे उघडू नयेत, कारण हवामान बिघडून हेलिकॉप्टर उडाले नाही तर तोच ताफा त्याच रस्त्याने परत येतो. हेलिपॅडसाठी आणि वाहनतळासाठी ज्यांची शेते घेतली त्यांचे काम मात्र दौऱ्याच्या आधीचे आहे. रोलर फिरण्यापूर्वी तलाठ्यांकडून उभ्या पिकाचा पंचनामा करून घ्यावा आणि धुऱ्याच्या दगडांचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. माझ्या पहिल्या दौऱ्यात ते राहून गेले होते, आणि दोन भावांच्या त्या हद्दीची मोजणी पुढची तीन वर्षे चालली.