मनातल्या मनात केलेली हालचाल टीएमएसने कशी मोजावी

बोट जागचं न हलवता ते हलतंय अशी नुसती कल्पना केली, तरी मोटर कॉर्टेक्स (हालचाली घडवणारा मेंदूचा भाग) जास्त तत्पर होतो. शेफील्डमध्ये १९८५ साली बार्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलेल्या टीएमएस, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकीय पल्स देऊन मेंदू उत्तेजित करण्याच्या पद्धतीने हे बघता येतं. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून चुंबकीय पल्स दिला की विरुद्ध बाजूच्या हाताचा स्नायू आखडतो आणि ईएमजीवर (स्नायूतल्या विजेच्या नोंदीवर) लाट उमटते. तिची उंची हेच आपलं माप. फसगत मात्र हमखास एका ठिकाणी होते. कल्पना करताना स्नायू नकळत ताणला जातो, आणि ताणलेल्या स्नायूची लाट तशीही मोठीच येते.

हे काम प्रशिक्षित माणसाने, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊनच करायचं. फिट येण्याचा इतिहास, पेसमेकर, कॉक्लियर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप यांबद्दल आधी लेखी विचारा. कॉइलचा आवाज मोठा असतो, म्हणून मोजणाऱ्याने आणि ज्याच्यावर मोजायचं त्याने, दोघांनीही कानात बोळे घालावेत.

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला फुगीर स्नायू निवडा. एक इलेक्ट्रोड स्नायूच्या मध्यावर, दुसरा तर्जनीच्या सांध्यावर, ग्राउंड मनगटाच्या हाडावर. हाताला तेल किंवा क्रीम असेल तर स्पिरिटने नीट पुसा. ५० हर्ट्झची गुणगुण दिसली तर फिल्टर लावण्याआधी ग्राउंड तपासा, बहुतेक वेळा तोच सैल असतो. करंगळीच्या बाजूच्या स्नायूवरही इलेक्ट्रोड लावा. त्याचा उपयोग शेवटी कळेल.

डोक्यावर पोहण्याची घट्ट टोपी चढवा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप धरा. दोन्हींचे मध्य जिथे जुळतात तो माथा. तिथून डावीकडे साधारण ५ सेंमीवर आठच्या आकाराची कॉइल टेकवा, मूठ मागे आणि मध्यरेषेशी ४५ अंशांत. अर्धा-एक सेंमी सरकवत सर्वांत मोठी लाट देणारी जागा शोधा आणि कॉइलची कड टोपीवर पेनाने आखून घ्या. कॉइल थोडी सरकली किंवा तिरकी झाली तरी लाट बदलते, म्हणून ही खूण प्रत्येक पल्सआधी बघायची.

आता उंबरठा. हात सैल असताना १० पैकी किमान ५ पल्सना ५० मायक्रोव्होल्ट किंवा त्याहून मोठी लाट देणारी सर्वांत कमी ताकद म्हणजे उंबरठा. मोजणीसाठी त्याच्या १२० टक्के घ्या: उंबरठा यंत्राच्या कमाल ताकदीच्या ४५ टक्के आला तर ५४ टक्के.

प्रत्येक स्थितीत २० ते ३० पल्स द्या. दोन पल्समध्ये किमान ५ सेकंद जाऊ द्या आणि हे अंतर अनियमित ठेवा, नाहीतर माणूस पल्सची वाट बघत हात आवळतो. विश्रांती आणि कल्पना यांचे गट आलटून पालटून घ्या. प्रत्येक गटाची पहिली लाट बऱ्याचदा अवास्तव मोठी येते, ती सोडून द्या.

सूचना नेमकी हवी. ‘बोट हलतंय असं बघा’ म्हटलं की माणूस बाहेरून चित्र बघतो आणि परिणाम फिका पडतो. त्याऐवजी म्हणा: ‘तर्जनी अंगठ्याकडे ओढली जातेय, तो ताण बोटात जाणवू द्या, पण हात मांडीवर सैलच ठेवा.’ प्रत्येक गटानंतर ती जाणीव किती स्पष्ट होती ते १ ते ७ मध्ये विचारून लिहून ठेवा.

शेवटी छाननी. पल्सआधीच्या १०० मिलिसेकंदांत ईएमजी ५० मायक्रोव्होल्टच्या वर हललेला असेल तर ती नोंद बाद. इथे दया दाखवू नका. अर्ध्या नोंदी गेल्या तर माणसाला हात सैल ठेवायचा सराव देऊन पुन्हा मोजा. उरलेल्या लाटांची मध्यका विश्रांतीच्या मध्यकेच्या टक्क्यांत मांडा. तर्जनीच्या स्नायूची लाट वाढली आणि करंगळीची होती तिथेच राहिली, तर वाढ त्या कल्पनेचीच असण्याची शक्यता जास्त. दोन्ही सारख्याच वाढल्या तर नुसती सावधता वाढली असावी. आणि या लाटेत मज्जारज्जूचाही वाटा असतो. तो वेगळा करायचा तर एच-रिफ्लेक्ससारखी (नसेला विजेचा हलका झटका देऊन मज्जारज्जूचा प्रतिसाद मोजणारी) निराळी चाचणी जोडावी लागते.