छडी गेली, ऊठबशा राहिल्या: शाळेत शिस्त लावताना या चुका टाळा

‘अंगाला हात तर लावला नाही, मग शिक्षा कसली?’ ही पहिली चूक. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. जातीवरून किंवा बापाच्या कामावरून वर्गासमोर मारलेला टोमणाही त्यातच येतो.

ऊठबशा निरुपद्रवी वाटतात. पण सवय नसलेल्या पोराला एकदम शंभर काढायला लावल्या तर मांड्यांचे स्नायू आतून फुटू शकतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर तेल चोळत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. कानाखाली दिलेल्या एका चपराकीनं कानाचा पडदा फाटू शकतो.

‘हाणा बिनधास्त गुरुजी, आमची हरकत नाही,’ असं पालक सांगतात. ही परवानगी कायद्यात चालत नाही. नववी-दहावीला मोकळीक आहे, हाही गैरसमज. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला क्रूर वागणुकीपासून संरक्षण देतं.

उशिरा येणाऱ्याला फाटकाबाहेर उभं करण्याआधी पंधरा दिवस वार, गाव आणि गाडीची वेळ वहीत टिपा. पाटणच्या डोंगरातल्या एकाच वाडीची चार पोरं एकदमच उशिरा येत असतील, तर दोष एसटीच्या वेळेचा. मुख्याध्यापकांनी आगारप्रमुखांना पत्र द्यावं. उसाच्या हंगामात फडावरून येणारं पोर पहिल्या तासाला पेंगत असेल, तर त्याला उठवून उभं करण्याआधी ते रात्री किती वाजता झोपलं ते विचारा.

सगळ्यात धोक्याची चूक मारामारी सोडवताना होते. दोन पोरं भिडली की शिक्षक थेट मधे घुसतात. आधी बघ्यांना पांगवा. बघे गेले की निम्मा जोर तिथंच ओसरतो. मग नाव घेऊन एकच छोटं वाक्य: ‘सागर, मागे हो.’ हातात कर्कटक असेल, कुणी गॅलरीच्या कठड्यावर चढलं असेल, म्हणजे इजा अगदी समोर दिसत असेल, तरच धरा. तेही दुसऱ्या शिक्षकाला हाक मारून, बाजूनं, कोपराच्या वर. पालथं पाडून पाठीवर गुडघा देणं, मान किंवा छाती दाबणं कधीच नको. त्यानं श्वास कोंडतो. ‘ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे’ या समजावर विसंबू नका. धोका टळला की त्याच क्षणी सोडा. माफी मागेपर्यंत धरून ठेवलं तर ती शिक्षाच झाली. ओढणीनं बांधणं, प्रयोगशाळेत कोंडणं ही तर उघड क्रूरता.

नोंद त्याच दिवशी, पालकांना फोनही शाळा सुटण्याआधी. ‘किरकोळ वाद’ असं लिहून मोकळं होऊ नका. आधी काय घडलं, कुणी धरलं, कुठं, किती मिनिटं, अंगावर वळ आहे का, आणि मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. शाळेनं दाद दिली नाही तर पालकांनी या नोंदीची प्रत मागावी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. मुलाला स्वतःला बोलायचं असेल तर १०९८ वर फोन करता येतो. हा नंबर फलकावर लावा, फक्त मुख्याध्यापकांच्या खोलीत नको. तिथं पोरं जातात ती बोलावल्यावरच.