सत्राअखेरीस स्वतःच्या प्रगतीचा आढावा घेताना या चुका टाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समुदाय सहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक (क्रेडिट) मिळू लागल्यापासून अनेक महाविद्यालयांत अहवालाच्या शेवटी ‘या सत्रात मी काय शिकलो’ असे एक पान लिहावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर संपल्यावरही असाच मजकूर मागितला जातो. विद्यार्थ्यांची अशी पाने वाचताना वारंवार जाणवते की लिहिणाऱ्याच्या मनात खोटेपणा नसतो, परंतु लिहिलेल्याला आधारही नसतो. सत्रभर जे बदलले, ते नेमके हातातून निसटते आणि कोणालाही लागू पडेल असा मजकूर उरतो. हे का घडते आणि ते कसे सुधारावे, याचा हा विचार आहे.

केवळ आठवणीवर विसंबणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक आहे. सत्राच्या सुरुवातीला आपण कसे होतो हे आपल्याला नीट आठवते, असे प्रत्येकाला वाटते. प्रत्यक्षात आजच्या समजुतीला जुळेल असा भूतकाळ आपण नकळत रचत असतो. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे. अभ्यासकौशल्यांच्या एका वर्गाला बसण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपापल्या कौशल्यांचे स्वतःच मूल्यमापन करून ठेवले होते. वर्ग संपल्यावर त्यांना ते पहिले मूल्यमापन आठवण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी आपली सुरुवातीची पातळी प्रत्यक्षात नोंदवली होती त्याहून खालची सांगितली. ज्यांना वर्गात प्रवेश मिळायचा होता पण अजून मिळाला नव्हता, त्यांच्या आठवणीत असा ठरावीक दिशेचा बदल दिसला नाही. वर्गाला बसलेल्यांना आपण सुधारलो असे मनापासून वाटत होते, अधिक चांगल्या गुणांची अपेक्षाही होती. गुण मात्र वाढले नव्हते.

गुणांच्या आठवणीचेही असेच आहे. अमेरिकेतील ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या शालेय श्रेणी आठवायला सांगून त्या मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा ‘ए’ श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली आणि ‘डी’ श्रेणी केवळ २९ टक्के वेळा. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. कमी गुण मिळालेले प्रसंग धूसर होतात, आणि शिकण्यासारखे बरेच काही नेमके त्यांतच असते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी कागद गोळा करावेत. पहिल्या महिन्यातली वही आणि शेवटच्या महिन्यातली वही शेजारी ठेवावी. प्रयोगवहीत शिक्षकांनी लाल शाईने केलेले शेरे क्रमाने वाचावेत आणि एकच शेरा किती वेळा आला आहे ते पाहावे. ग्रंथालयाच्या खात्यावर कोणती पुस्तके निघाली, अंतर्गत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मोबाइलवर किती वेळ गेला, वसतिगृहात राहणाऱ्याचे पैसे महिनाअखेर कोठे संपले, मित्रांना किंवा घरी पाठवलेल्या संदेशांत कशाची तक्रार होती, हे सारे आज बहुतेकांच्या हाताशी असते. या नोंदी आपल्याला खूश करण्यासाठी केलेल्या नसतात, म्हणूनच त्यांवर विश्वास ठेवावा. निष्कर्षाचे पहिले वाक्य या वाचनानंतर लिहावे. आधी निष्कर्ष लिहून मग त्याला साजेसे पुरावे शोधू लागल्यास ते नेहमीच सापडतात.

निकाल लागेपर्यंत थांबणे

निकाल हाती आला की सत्राकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. चांगला लागला तर निष्काळजीपणे घालवलेले आठवडेही नियोजनासारखे दिसू लागतात, आणि वाईट लागला तर मनापासून केलेला अभ्यासही व्यर्थ वाटू लागतो. घडून गेलेली गोष्ट आपल्याला आधीपासूनच ठाऊक होती, असे वाटणे हा माणसाच्या विचाराचा चांगला अभ्यासलेला दोष आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागणे अपेक्षित आहे. शेवटचा पेपर आणि निकाल यांमधले हे दिवस आढाव्यासाठी सर्वांत योग्य होत. त्यातच प्रत्येक विषयापुढे अपेक्षित गुण आणि तसे वाटण्याचे कारण लिहून ठेवावे. निकालानंतर अंदाज व गुण यांतले अंतर पाहिले, की कोणत्या विषयात आपल्याला स्वतःचे अज्ञान कळत नव्हते हे समजते, आणि ही माहिती खुद्द गुणांपेक्षाही अधिक उपयोगाची असते.

विशेषणांनी पान भरणे

‘माझा आत्मविश्वास वाढला’, ‘वेळेचे महत्त्व कळले’, ‘व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास झाला’ ही वाक्ये वाचून लिहिणाऱ्याविषयी काहीच कळत नाही. अशा प्रत्येक वाक्यापुढे ‘कोणत्या दिवशी, कोणासमोर, काय केल्यावर’ एवढे विचारावे. मराठी माध्यमातून येऊन विज्ञान शाखेच्या पहिल्या सत्रात इंग्रजीतून शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. सप्टेंबरमधल्या तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही तो गप्प राहिला, आणि नोव्हेंबरमध्ये अर्धे उत्तर इंग्रजीत देऊन, अडल्यावर ‘सर, पुढचे मराठीत सांगू का?’ असे विचारून त्याने ते पूर्ण केले, तर त्याने लिहायला हवे ते हेच. या एका प्रसंगात बदल दिसतो, त्याची मर्यादा दिसते आणि पुढचा टप्पाही दिसतो. असा प्रसंग एकही आठवला नाही, तर त्या बाबतीत वाढ झालेली नसावी, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

ही चूक अनेकदा गुणांच्या भीतीने घडते. अहवालाला गुण असल्यामुळे शिक्षकांना आवडेल ते लिहिले जाते, आणि काही जण मित्राचा मजकूर थोडा बदलून उतरवतात. मन मोकळे करण्याजोगे जे असेल ते स्वतःपुरत्या वहीत लिहावे आणि त्यातले जे सांगता येईल तेवढे अहवालात घ्यावे. एकाच मजकुराकडून दोन्ही कामे करवून घेऊ नयेत.

एसजीपीएला वाढीचे माप समजणे

प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या श्रेयांकांनी गुणून, बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागले की एसजीपीए, म्हणजे त्या सत्राची श्रेणीगुणांची सरासरी, मिळतो. २२ श्रेयांकांच्या सत्रात ४ श्रेयांकांच्या विषयात २ श्रेणीगुण घटले आणि २ श्रेयांकांच्या विषयात तेवढेच वाढले, तर एसजीपीए सुमारे ०.१८ ने घसरतो, आणि तेवढ्यावरून ‘मी मागे पडलो’ असा निष्कर्ष काढला जातो. दोन सत्रांचे विषय वेगळे असतात, त्यामुळे तुलना विषयवार आणि प्रश्नवार करावी. एटीकेटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर विद्यापीठाच्या मुदतीत उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत अवश्य मागवावी. प्रश्न वेळेअभावी राहून गेले, चुकीचे समजले, की मुळात तयारच नव्हते, हे प्रत वाचल्यावाचून कळत नाही, आणि या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

परिस्थिती वगळून स्वतःला दोष देणे

ही चूक मला सर्वांत दुःखदायक वाटते, कारण ती बहुधा कष्टाळू विद्यार्थ्यांकडूनच होते. कर्जत किंवा कसाऱ्याहून लोकलने मुंबईला येणाऱ्या विद्यार्थ्याचे जाण्या-येण्यात रोज चार तास गेले, तर ९० अध्यापनदिवसांच्या सत्रात ३६० तास प्रवासातच जातात. तात्त्विक विषयाच्या एका श्रेयांकाला १५ तासांचे अध्यापन धरले जाते. म्हणजे २२ श्रेयांक पूर्णतः तात्त्विक असले तरी वर्गात बसण्याचे तास ३३० होतील. वर्गाहून अधिक वेळ गाडीत घालवणाऱ्या मुलीने वसतिगृहातल्या मैत्रिणीशी अभ्यासाच्या तासांची तुलना करून स्वतःला आळशी ठरवणे हा स्वतःवरचा अन्याय आहे. ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणाऱ्यांना आणि प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे पहिले सत्र आखूड मिळालेल्यांनाही हेच लागू होते. आढाव्यात एक परिच्छेद केवळ परिस्थितीचा असावा, आणि त्यात कारणे सांगावीत तशी आकडेमोडही करावी, म्हणजे आपल्या हाती प्रत्यक्षात किती तास होते हे ठरते.

आढाव्याचा शेवट संकल्पांच्या यादीने करणे

पहाटे उठणे, व्यायाम, इंग्रजी संभाषण, स्पर्धा परीक्षा, सगळे एकदम सुरू करण्याचे संकल्प दुसऱ्या आठवड्यातच गळतात. एकच बदल निवडावा आणि तो वेळ व स्थळ यांना बांधून लिहावा: ‘मंगळवारी प्रात्यक्षिक संपले की ग्रंथालयात बसून त्याच दिवशी निरीक्षणे पूर्ण करीन.’

त्याचबरोबर नव्या सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत, अंतर्गत परीक्षेच्या आधी, एक पान लिहून त्यावर तारीख घालावी. कोणता विषय अवघड वाटतो, कोणाशी बोलताना संकोच होतो, सलग किती वेळ वाचता येते आणि कशाची भीती वाटते, एवढे त्यात पुरे. पान वहीच्या मागील बाजूस चिकटवावे आणि सत्र संपेपर्यंत त्यात दुरुस्ती करू नये. पुढील आढाव्याच्या वेळी सर्वप्रथम ते वाचावे आणि त्यानंतरच लिहायला बसावे.