रॉकेट लाँच बघताना वातावरणाचं किती नुकसान होतंय ते कसं ओळखायचं

लाँचचा लाइव्ह व्हिडिओ मी सहसा चुकवत नाही, पण त्या धुरात काय काय असतं हे कळायला लागल्यापासून काळजी वाटते. सगळ्यात आधी कार्बन डायऑक्साइडचं गणित बाजूला ठेवा, विमानांच्या मानाने रॉकेटचा तो हिस्सा अगदी किरकोळ आहे, खरा प्रश्न इंधन कुठलं आणि ते किती उंचीवर जळतंय हा आहे.

इंधन ज्वाळेवरून बऱ्यापैकी कळतं. लख्ख पिवळी-नारिंगी ज्वाळा म्हणजे बहुतेक केरोसिन, तो रंग तापलेल्या काजळीचाच असतो. स्पेसएक्सच्या केरोसिनवर चालणाऱ्या फाल्कन 9 रॉकेटचा नवाकोरा बूस्टर (खालचा टप्पा, जो परत येऊन उतरतो) पांढराशुभ्र वर जातो आणि उतरतो तेव्हा बघा, अंगभर काळा थर बसलेला असतो, आणि ही फक्त त्याच्या अंगाला चिकटलेली काजळी झाली, बाकीची वरच राहिली ना! खाली आपल्याजवळची काजळी पावसाने काही दिवसांत धुऊन जाते, स्ट्रॅटोस्फियरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, पाऊसच नाही त्यामुळे तिथे ती वर्षानुवर्षं तरंगते आणि ऊन शोषून हवा तापवते. 2022 मधल्या एका अभ्यासात रॉकेटची काजळी जमिनीवरच्या काजळीपेक्षा जवळपास 500 पट जास्त तापवते असं निघालं.

मागे पांढऱ्या धुराचा जाडजूड खांब उभा राहिला तर समजा सॉलिड बूस्टर, म्हणजे घन इंधनाचा बूस्टर आहे. स्पेस शटलला असे दोन होते, एकेकात जवळपास 500 टन इंधन, त्यात अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पूड. जळल्यावर हायड्रोजन क्लोराइड आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण बाहेर पडतात, आणि क्लोरीन ओझोनला खातो हे तर आपण शाळेपासून ऐकतोय. माझ्या मते सगळ्यात वाईट प्रकार हाच.

मिथेनची ज्वाळा निळसर-जांभळी, काजळी कमी. हायड्रोजनची जवळजवळ दिसतच नाही, मुख्यतः वाफच निघते, तरी भयंकर उष्णतेमुळे नायट्रोजन ऑक्साइड होतातच.

आणि लाँच संपलं म्हणून हिशोब बंद करू नका, सॅटेलाइट आणि रॉकेटचे टप्पे परत येताना जळतात तेही धरा. 2023 मध्ये नोआ या अमेरिकेच्या सागर आणि हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विमानातून नमुने तपासले तर स्ट्रॅटोस्फियरमधल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या मोठ्या कणांपैकी साधारण 10 टक्क्यांत असल्या जळालेल्या यानांचे धातू सापडले.