‘पासून’ आलं की जरा थांबा
इंग्रजी बोलताना आपण हमखास अडतो ते ‘पासून’पाशी. ‘मी दहा वर्षांपासून सांगलीत राहतो’ हा मराठीत साधा वर्तमानकाळ, म्हणून तोंडून ‘आय लिव्ह इन सांगली सिन्स टेन इयर्स’ निघतं. यात दोन चुका आहेत. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायला इंग्रजीत ‘हॅव’ लागतं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप: ‘आय हॅव लिव्ह्ड इन सांगली फॉर टेन इयर्स’. ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हटलं तरी चालतं. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. कधीपासून ते सांगायचं तर ‘सिन्स’, जसं ‘सिन्स २०१५’. ‘ही’ किंवा ‘शी’ असेल तर ‘हॅज’.

बाकीचे वर्तमानकाळ कृष्णा नदीवरून लक्षात ठेवा. नदी सांगलीतून वाहते, हे कायमचं: ‘द कृष्णा फ्लोज थ्रू सांगली’. तो शेवटचा ‘ज’ गिळू नका, ऐकणाऱ्याला लगेच खटकतो. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी चढतंय, हे आत्ताचं: ‘द वॉटर इज रायझिंग’. मात्र ‘मला माहीत आहे’ला ‘आय ॲम नोइंग’ कधीच नाही, नुसतं ‘आय नो’.