युद्धाची बातमी वाचायची कशी

आधी क्रियापद बघा. एका बाजूची माणसं "मारली जातात" आणि दुसऱ्या बाजूची नुसती "मरण पावतात", जणू बॉम्ब आपोआपच पडला. असं वाक्य दिसलं की विचारायचं, अरे पण मारलं कोणी?

मग आकडा कोणी दिलाय ते बघा. व्हिएतनाममधलं माय लाय हे गाव घ्या, १६ मार्च १९६८, अमेरिकन सैन्याने सांगितलं १२८ शत्रू मारले, पेपरांनी तसंच छापलं, आणि खरं काय ते लोकांना कळलं थेट नोव्हेंबर १९६९ मध्ये, सेमूर हर्श या पत्रकारामुळे. मेले होते ते गावकरी, बायका, म्हातारे, तान्ही पोरं, व्हिएतनामच्या मोजणीत ५०४. दीड वर्षाहून जास्त काळ तो "विजय" होता!

उलटंही होतं हां, न घडलेला अत्याचार रचून सांगितला जातो. ऑक्टोबर १९९० ला एका १५ वर्षांच्या मुलीने वॉशिंग्टनमध्ये रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या हॉस्पिटलात इन्क्युबेटरमधून बाळं काढून फरशीवर टाकली. १९९२ ला कळलं, ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी आणि मागे एक पीआर, म्हणजे प्रचार करून देणारी कंपनी. तोवर अमेरिकेचं इराकशी युद्ध होऊनही गेलेलं. म्हणून अशी बातमी नेमकी हल्ल्याच्या तोंडावर आली तर फॉरवर्ड करायच्या आधी जरा थांबा.

शेवटी नावं मोजा. कोणाच्या मेलेल्या पोराचा फोटो, शाळा, आवडतं खेळणं सगळं येतं आणि कोणाचा फक्त आकडा. मी आता दोन्हीकडचं वाचतो, डोकं उठतं, पण युद्ध हवंच म्हणणाऱ्यांशी भांडताना तेच कामी येतं.